मोजून दिलेली अफू

दख्खनच्या सुभेदारीत ज्याने आजच्या संभाजीनगरला औरंगाबाद हे नाव दिले, त्या औरंगजेबाने बादशहा झाल्यावर पुतण्या सुलेमान शिकोहला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात डांबले. तिथल्या राजबंद्यांना 'पोस्त' पाजत, असे फ्रेंच वैद्य बर्निये लिहितो. खसखशीची बोंडे रात्रभर पाण्यात भिजवून ते करत, आणि सकाळी पेला रिकामा केल्याशिवाय अन्न मिळत नसे. कैदी हळूहळू खंगे, बुद्धी विझत जाई. पोस्त पाजण्यापेक्षा आत्ताच मारा, असे सुलेमानने भर दरबारात विनवले होते. १६६२ मध्ये तो कैदेतच मेला.

याच बोंडांतून निघणाऱ्या अफूच्या चिकात अनेक अल्कलॉइड असतात. त्यात मॉर्फिन साधारण दहावा हिस्सा, पण तेही पिकागणिक कमीजास्त. त्यामुळे एका गोळीने झोप लागे आणि तेवढ्याच दुसरीने प्राण जाई. ही कोंडी जर्मनीतल्या पाडरबोर्न गावी औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या फ्रीडरिख झेर्ट्यूर्नरने फोडली. १८०५ च्या सुमारास त्याने अफूच्या अर्कात अमोनिया घातला आणि मॉर्फिनचे स्फटिक वेगळे काढले. आता वेदनेवरचे औषध तराजूत मोजता येऊ लागले.

मग कुळ वाढले. १८३२ मध्ये कोडीन सापडले, पाठोपाठ थेबाइन. मॉर्फिनच्या रेणूवर दोन हायड्रॉक्सिल गट असतात. दोन्हींना अ‍ॅसिटिल जोडून रसायनज्ञ राइट यांनी १८७४ मध्ये लंडनला नवे द्रव्य बनवले. बायर कंपनीने १८९८ मध्ये ते 'हेरॉइन' नावाने खोकल्यावर विकायला काढले. मेंदूत झटकन शिरणाऱ्या या औषधाने पुढे असंख्य घरे उद्ध्वस्त केली. थेबाइन स्वतः वेदना शमवत नाही, पण त्यापासून १९१६ मध्ये ऑक्सिकोडोन आणि पुढे नालोक्सोन घडले. नालोक्सोनमध्ये नायट्रोजनवरच्या मिथिलच्या जागी अ‍ॅलिल असतो. तेवढ्याने तो रेणू मॉर्फिनची जागा बळकावतो, पण गुंगी आणत नाही, आणि अतिमात्रेने बंद पडत चाललेला श्वास पुन्हा सुरू करतो.

मात्रा हाती आली, तरी आपल्याकडे गोळी रुग्णापर्यंत पोहोचेना. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातल्या परवान्यांच्या जाचाने अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट सोपी केली. संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात मराठवाडाभरातून रुग्ण येतात, आणि आजार हाताबाहेर गेला की गावी परततात. त्यांच्या तालुक्यातही मॉर्फिनची गोळी आणि ती मोजून देणारा प्रशिक्षित डॉक्टर असलाच पाहिजे. व्यसनाच्या भीतीपोटी कुणालाही तळमळत मरू देणे हा अन्यायच आहे.