अक्षरांचे घरनंबर

वाचकहो, आपण कधी कोल्हापूरला आलात आणि राजारामपुरीत कोणाकडे जायचे असले, तर पत्ता शोधण्याचा फारसा त्रास पडणार नाही. राजाराम महाराजांच्या नावाची ही वसाहत. इथल्या गल्ल्या नंबरांनी ओळखल्या जातात. पाचवी गल्ली म्हटली की रिक्षावाला पुढचे काही विचारीत नाही. आता अशी कल्पना करा, की एका रिक्षावाल्याच्या हिशेबी जी पाचवी, ती दुसऱ्याच्या हिशेबी अकरावी, आणि तिसऱ्याने तर मोजायलाच उलट्या बाजूने सुरुवात केलेली. पाहुणा घरी पोचेल काय? संगणकावर मराठी अक्षरांची कित्येक वर्षे हीच दशा होती. ती सुधारली कशी, हे मला सांगायचे आहे. त्यात माझा थोडा स्वार्थही गुंतलेला आहे. तो आधी सांगून टाकतो.

माझे वडील शाळामास्तर. निवृत्तीनंतर त्यांनी एका जाड वहीत आपल्या आठवणी लिहून ठेवल्या होत्या. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले त्या दिवशीचे गाव, खासबागेतल्या कुस्त्या, घरातली माणसे, असे बरेच काही. १९९८ साली मी ती वही एका डीटीपीच्या दुकानात टाइप करून घेतली. छपाईला जाण्यापूर्वीच वडील गेले, आणि ते काम मागे पडले ते पडलेच. वही बहिणीकडे शाहूपुरीत, तळमजल्यावरच्या कपाटात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी घरात शिरले. वही वाळवली तेव्हा शाई पानांवरून उतरून गेली होती. मग आठवण झाली ती त्या जुन्या फायलीची. पुतण्याने ती मागेच फ्लॉपीवरून तबकडीवर उतरवून ठेवली होती.

ज्या प्रणालीत ती पाने जुळवली होती ती आता कोणाकडेच नव्हती. दुकान तर केव्हाच बंद झालेले. खटपट करून मजकूर बाहेर काढला, तर पडद्यावर आले ते मराठी नव्हतेच. पानभर इंग्रजी अक्षरे, कंस, टक्क्यांची आणि डॉलरची चिन्हे! मध्येच एखादा पूर्णविराम तेवढा ओळखीचा.

असे का व्हावे? शिशाच्या खिळ्यांच्या काळात ही अडचण नव्हती. निर्णयसागराच्या खिळ्यांत छापलेले पुस्तक वाचायला घरी निर्णयसागराचे खिळे असावे लागत नसत. संगणकाचे तसे नाही. त्याला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. प्रत्येक अक्षराला एक नंबर, आणि त्या नंबरापाशी कोणते चित्र काढायचे ते सांगणारा फाँट, असा हा कारभार. त्या काळच्या फाँटात सगळ्या मिळून २५६ जागा, आणि त्याही इंग्रजीसाठी आखलेल्या. आपल्या कारागिरांनी मोठी युक्ती केली. इंग्रजी ‘ए’च्या जागी काना बसवला, डॉलरच्या जागी एखादे जोडाक्षर. संगणक समजे की हा मनुष्य इंग्रजी लिहितो आहे. दिसायचे मात्र मराठी. त्या युक्तीने मराठी वर्तमानपत्रे निघाली, लग्नपत्रिका निघाल्या, पाठ्यपुस्तके निघाली. तिला नावे ठेवण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही. पण खरी गोम पुढे आहे. प्रत्येक विक्रेत्याने आपापला नंबर लावला. ज्याचा फाँट विकत घेतला, त्याच्याच फाँटात तो मजकूर वाचता येणार. कागद आपला, शब्द आपले, बापाच्या आठवणी आपल्या, आणि कुलपाची किल्ली परक्याच्या खिशात.

हा घोळ जाणत्यांच्या ध्यानात आला नव्हता असे नाही. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने ‘इन्स्क्रिप्ट’ हा कळफलक ठरवून दिला. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम तिने पुढे नेले. १९९१ साली ‘इस्की’ हे भारतीय मानक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी जगातल्या सर्व लिप्यांना एका वहीत बसवू पाहणाऱ्या ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती निघाली, आणि तिच्यातला देवनागरीचा तक्ता इस्कीच्याच आधीच्या आराखड्यावर बेतलेला होता. तेव्हापासून ‘क’चा घरनंबर ०९१५, मग तो राजारामपुरीत लिहा की न्यू जर्सीत. मराठीच्या खास गरजा मात्र सावकाश पुऱ्या झाल्या. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतला फरक यंत्राला नीट दाखवता यावा लागतो, नाही तर विद्वानाला स्वयंपाकघरात पाठवण्याची पाळी यायची! आपल्या ‘ॲ’ला तर स्वतंत्र नंबर मिळायला २००८ साल उजाडले.

पण नंबर ठरले म्हणून फाँट फुकट मिळतो असे नाही. इथे दुसरी एक चळवळ आपल्या कामी आली. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा एक प्रोग्रामर होता. तिथल्या छपाई यंत्रात कागद वारंवार अडके. प्रोग्राम दुरुस्त करून त्यावर उपाय करावा म्हटले, तर प्रोग्रामची मूळ लेखी प्रत त्याला मिळेना. त्या चिडीतून, आणि अशाच आणखी काही अनुभवांतून, त्याने १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. कोणीही वापरावे, उघडून पाहावे, बदलावे आणि शेजाऱ्याला द्यावे, असे सॉफ्टवेअर करायचे. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याचे ‘लिनक्स’ त्याला येऊन मिळाले. इंग्रजीत ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ यांना एकच शब्द असल्यामुळे स्टॉलमनला जन्मभर खुलासे करीत बसावे लागले. आपण भाग्यवान, आपल्याकडे दोन शब्द आहेत, आणि त्यांत गल्लत करण्याचे कारण नाही.

कोल्हापूरकराला हे पटायला जड जाऊ नये. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मोफत म्हणजे त्याला खर्च आला नाही असे नव्हे. दरबारच्या तिजोरीने तो सोसला. तेव्हा फुकट काही मिळाले की एवढे जरूर विचारावे, की याचे पैसे कोण भरतो आहे आणि तो उद्या थांबला तर माझे काय? ‘ऑर्कुट’वर आपल्या मराठी मुलांनी केवढ्या गप्पा मारल्या! ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले आणि तिथले अड्डे मोडले. ती सेवा फुकट होती, मुक्त नव्हती. उलट ‘ओपनऑफिस’चे पाहा. २००० साली त्याची मूळ प्रत खुली झाली होती. म्हणून पुढे मालकी बदलल्यावर काम करणाऱ्यांनी २०१० साली तीच प्रत घेऊन ‘लिबरऑफिस’ हे वेगळे बिऱ्हाड थाटले. कोणाला परवानगी मागावी लागली नाही.

आमच्या उपयोगी पडले ते हेच लिबरऑफिस. २०१५ च्या त्याच्या ४.४ आवृत्तीपासून पान जुळवण्याच्या एका जुन्या प्रणालीच्या फायली त्यात उघडतात, आणि नशिबाने आमची फाईल त्याच प्रणालीतली निघाली. मग तो इंग्रजी काला पुतण्याने एका फाँट-परिवर्तकात घातला. असले परिवर्तक हौशी मंडळींनी करून महाजालावर ठेवले आहेत. जुन्या फाँटातला कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, याची ती कोष्टके. दोन कोष्टके लागू पडली नाहीत. तिसऱ्याने ‘माझा जन्म’ हे दोन शब्द पडद्यावर उमटले, आणि बहीण उठून आत गेली.

शुद्ध मराठी एकदम आले नाही. रफार सगळे एक घर पुढे सरकलेले, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला. चार संध्याकाळी आम्ही बसलो. अडलेल्या जुन्या शब्दांसाठी मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ उघडला. हे दोन्ही शिकागो विद्यापीठाने महाजालावर विनामूल्य ठेवले आहेत. नावांसाठी अन् सनावळ्यांसाठी मराठी विश्वकोश. तयार मजकूर ‘मुक्ता’ या फाँटात लावला; मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेला हा फाँट कोणीही घ्यावा. जतन केला तो खुल्या दस्तऐवज-पद्धतीत, जिला २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता आहे. शिवाय तीन घरी तीन प्रती ठेवल्या. पुराचे पाणी मानक पाहून येत नाही.

सत्तेचाळीस पाने जुळली. बाविसाव्या पानावरच्या एका शब्दाचा मात्र अजून उलगडा झालेला नाही. ज्या पैलवानाची ती हकीकत आहे त्याचे ते टोपणनाव असावे. कोष्टक तिथे नुसता एक चौकोन दाखवते. बहीण म्हणते, ‘वाघ्या’ असणार, बाबा नेहमी तसेच म्हणायचे. मला ते ‘वाघ्या’ वाटत नाही. चौकोन तसाच ठेवला आहे.