मुसीचा पूर आणि गंडीपेटचे पाणी

हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या वाचकांना अफझलगंजच्या दवाखान्यातल्या चिंचेची गोष्ट नव्याने सांगायला नको. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला, तेव्हा त्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली. शहरात मात्र हजारो दगावली.

पूर ओसरल्यावर खरी टंचाई पाण्याचीच असते. आड-विहिरींत गाळ आणि घाण उतरते, मग घरोघरी तुरटी फिरते. तुरटीने गाळ बसतो. जंतू मरत नाहीत. पटकीचा जंतू कॉखने १८८४ मध्येच कलकत्त्याच्या तळ्यात दाखवला होता. आपल्या माजघरापर्यंत ती बातमी फार उशिरा पोचली, असे मला वाटते.

१९०९ साली विश्वेश्वरय्या आले. नदीला शहरात नव्हे, वरच्या अंगाला अडवा, हा त्यांचा सल्ला. त्यातून १९२० मध्ये मुसीवर उस्मानसागर, १९२७ मध्ये ईसी नदीवर हिमायतसागर झाला. गंडीपेटचे पाणी प्यालेला माणूस हैदराबाद सोडत नाही, असे आपण कौतुकाने म्हणतो. ते पाणी पुराच्या धास्तीतून आले आहे.

तरी नळ कधीतरी बंद पडणारच. माणशी दिवसाला चार लिटर धरा. पाच जणांच्या घरात तीन दिवसांचे साठ लिटर झाकून ठेवा. गढूळ पाणी निवळू द्या, चौपदरी फडक्याने गाळा, खळखळून उकळी फुटल्यावर निदान मिनिटभर आचेवर राहू द्या. माठात हात मात्र बुडवू नका. लांब दांड्याचे ओगराळे त्याच्याच शेजारी टांगलेले असू द्या.