दमा : चंद्रपूर–गडचिरोलीतील आजारभार

श्वासनलिकांना सूज येऊन त्या वारंवार आवळण्याचा दीर्घकालीन विकार. या दोन जिल्ह्यांत मात्र गावकऱ्याच्या तोंडी कोणतीही जुनाट धाप म्हणजे दमाच. चुलीच्या धुराने किंवा विडीने फुप्फुसे निकामी झालेला रुग्णही त्यात येतो. इथला दीर्घकालीन कल सांगताना पहिली अडचण हीच.

भारतात दम्याचे रुग्ण 1990 मध्ये सुमारे 2.29 कोटी होते, 2016 मध्ये 3.79 कोटी, वाढीत लोकसंख्येचा वाटा मोठा. नागपूरसह 12 केंद्रांवरील पाहणीत (2012) पंधरा वर्षांवरील 2.05 टक्के लोकांना दमा आढळला.

26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा झाला. तेव्हापासून दोन्हीकडच्या धुराची जातही वेगळी होत गेली. चंद्रपुरात कोळसाखाणी, गडचांदूर भागातील सिमेंट कारखाने आणि 1980 च्या दशकात सुरू झालेले औष्णिक वीजकेंद्र. 2009 च्या प्रदूषण निर्देशांकात शहर-परिसर 83.88 गुणांसह देशात चौथा. वैनगंगेपलीकडे, गडचिरोलीत, धूर घरातला आणि रानातला. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. कधी त्याचाच वणवा होतो. उज्ज्वला योजनेचे (2016) सिलिंडर आले, तरी भरून आणायला पैसे लागतात आणि सरपण रानात फुकट मिळते.

मुलांच्या दम्याची नोंद आणखी अवघड. 1986 पासून गडचिरोलीत काम करणाऱ्या अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने सुईणींसाठी श्वासमापक बनवला: एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी ओळीतला शेवटचा, लाल मणी आला तर न्यूमोनिया. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात उपचार मिळालेल्या गावांत न्यूमोनियाचे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 54 टक्के कमी होते. पण श्वास मोजून दम्याची घरघर वेगळी काढता येत नाही. जीव वाचवणे हा हेतू असल्याने ही त्रुटी परवडणारी होती. बालदम्याच्या मोजणीला ती परवडत नाही.

उपचारात ‘पंपाची (इनहेलरची) सवय लागते’ ही समजूत आडवी येते. धाप लागली की इंजेक्शन, उतरली की औषध बंद. 2019 पासून दम्यावरील जागतिक मार्गदर्शिका किशोर व प्रौढांना सूज कमी करणारे स्टेरॉइडयुक्त इनहेलर हवेच, नुसत्या तात्पुरत्या आराम देणाऱ्या पंपावर भागवू नये, असे सांगते. भामरागडसारख्या तालुक्यात हे औषध पावसाळ्याआधीच घरात असावे लागते: पर्लकोटा नदीला पूर आला की गावाचा संपर्क तुटतो.