‘आब्लार’ : एका स्पॅनिश क्रियापदाचे लॅटिन मूळ

स्पॅनिश भाषेत ‘बोलणे’ ह्या अर्थी ‘आब्लार’ हे क्रियापद आहे. लिहिताना त्याच्या आरंभी ‘ह’चे अक्षर येते, परंतु ते उच्चारले जात नाही. हे मूक अक्षर म्हणजे जुन्या ‘फ’ची खूण होय. लॅटिन ‘फाबुलारी’चे कास्तील प्रांतात ‘फाब्लार’ झाले. पुढे ‘फ’चा ‘ह’ झाला आणि अखेरीस तोही लोपला. पोर्तुगीजांनी मात्र ‘फ’ राखला. त्यांचे ‘फालार’ इ. स. १५३४ ते १७३९ ह्या काळात आपल्या वसईतही बोलले जात होते.

‘फाबुला’ म्हणजे गोष्ट, आणि ‘फाबुलारी’ म्हणजे गप्पागोष्टी करणे. प्रौढ लॅटिनमध्ये बोलण्यासाठी ‘लोक्वी’ हे क्रियापद होते; ‘फाबुलारी’ प्लाउटुसच्या विनोदी नाटकांतील पात्रांच्या तोंडी आढळते. स्पेनमध्ये ग्रंथातला शब्द मागे पडला आणि घराअंगणातला टिकला. ‘फाबुला’च्या मुळाशी ‘फारी’ हा धातू आहे. संस्कृत ‘भण्’ व त्यातून आलेले आपले ‘म्हणणे’ हे त्याचेच दूरचे नातलग!

आम्हांला विशेष वाटते ते संत लूकच्या शुभवर्तमानातील एक स्थळ (२४:१५). अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य खिन्न मनाने आपसांत बोलत असताना पुनरुत्थित प्रभू त्यांच्याजवळ आला. तेथे लॅटिन व्हल्गेट बायबलमध्ये ‘फाबुलारी’ हेच क्रियापद आहे. शिष्यांचे ते बोलणे प्रार्थना नव्हे, प्रवचनही नव्हे. भांबावलेल्या माणसांचा तो साधा संवाद होता. मूळ ग्रीक क्रियापद ‘होमिलेइन’ आहे, आणि मिस्सामधील ‘होमिली’ हा शब्द त्याच कुळातला.

इटली व फ्रान्समध्ये निराळे घडले. प्रभूच्या दाखल्यांना लॅटिनमध्ये ‘पाराबोला’ म्हणत. सामान्य जनांच्या बोलीत त्याचा अर्थ ‘शब्द’, ‘वचन’ असा विस्तारला आणि त्यातून बोलण्याची ‘पार्लारे’ व ‘पार्ले’ ही क्रियापदे घडली. ‘व्हेर्बुम’ हा शब्द संत योहानाच्या शुभवर्तमानातील ‘शब्दा’साठी, म्हणजे प्रत्यक्ष ख्रिस्तासाठी योजला जात असल्याने लोकांनी तो रोजच्या वापरातून बाजूला ठेवला असावा, असे काही अभ्यासक मानतात.

स्पॅनिशने क्रियापद ‘फाबुला’वरून घेतले, पण ‘शब्द’ ह्या अर्थाचे ‘पालाब्रा’ हे नाम ‘पाराबोला’वरूनच. योहान १:१ मध्ये पूर्वी ‘बेर्बो’ छापले जात असे. अलीकडच्या कित्येक स्पॅनिश बायबलांत तेथेही ‘पालाब्रा’ आले आहे.