आकड्याआड गेलेला तरंग

इंग्लंडमधील टेडिंग्टनचा धर्मोपदेशक स्टीफन हेल्स याने 1733 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एका घोडीवरील प्रयोगाचे वर्णन आहे. तिच्या मांडीच्या धमनीत पितळी नळी बसवून तिला काचेची उंच नळी जोडली असता रक्त डाव्या निलयाच्या, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या कप्प्याच्या, पातळीपेक्षा 8 फूट 3 इंच वर चढले आणि दर ठोक्यासरशी दोन ते चार इंच खालीवर होत राहिले. रक्तदाबाच्या या मोजणीइतकेच त्या ग्रंथातील दुसरे निरीक्षणही मोलाचे आहे. हृदय रक्त ठोक्याठोक्याने फेकत असताना बारीक वाहिन्यांत ते संथ कसे वाहते, याचे उत्तर हेल्सला आगीच्या बंबात सापडले: बंबाच्या भांड्यात कोंडलेली हवा दांड्याच्या प्रत्येक हिसक्याला दबते, दोन हिसक्यांच्या मधे पसरून पाणी पुढे ढकलते आणि त्यामुळे धार अखंड राहते. धमन्यांच्या लवचीक भिंतीही हेच काम करतात.

या लवचीकपणात हृदयाचे दुहेरी हित असते. निलय आकुंचन पावतो तेव्हा महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य धमनी, फुगून रक्ताचा बराचसा भाग सामावून घेते व निलयावरचा भार हलका करते. निलय सैलावतो तेव्हा ती आक्रसून ते रक्त पुढे लोटते आणि हृदयाच्या स्नायूला पोसणाऱ्या धमन्यांतील दाब टिकवते, कारण डाव्या निलयाच्या स्नायूला रक्त मुख्यतः याच विसाव्यात मिळते.

लंडनच्या गाइज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट याने 1836 मध्ये मूत्रपिंडाच्या रुग्णांची हृदये शवविच्छेदनात वाढलेली आढळल्याचे नोंदवले होते. त्याच रुग्णालयात 1870 नंतरच्या दशकात फ्रेडरिक अकबर महोमेद या तरुण वैद्यकाने, ज्याचे आजोबा मूळचे पाटण्याचे होते, हृदय असे का वाढते या कोड्याकडे जिवंत माणसाच्या नाडीतून पाहिले. त्याने सुधारलेल्या स्फिग्मोग्राफ या नाडीलेखक यंत्राची तरफ मनगटावरील धमनीच्या प्रत्येक उसळीबरोबर हलत असे आणि काजळी धरलेल्या कागदावर नाडीच्या तरंगाची रेघ उमटवीत असे. त्या रेघेची चढण, माथा व उतार पारखून महोमेदने दाखवले की नाडीतील वाढलेला ताण मूत्रपिंडविकाराची लक्षणे दिसण्याआधीच ओळखता येतो आणि तो विकार नसलेल्या माणसांतही आढळतो. वयोमानाने ताठरलेल्या धमन्यांच्या रेघांचेही त्याने वर्णन केले. 1884 मध्ये, वयाच्या अवघ्या 35 व्या वर्षी, विषमज्वराने त्याचा मृत्यू झाला आणि एका थोर निरीक्षकाचे काम अर्ध्यावर राहिले.

पुढे इटलीतील रिवा-रोची याने 1896 मध्ये दंडाला बांधायचा फुगवता येणारा पट्टा आणला, तर रशियातील कोरोत्कोव्ह याने 1905 मध्ये स्टेथोस्कोपने धमनीतील आवाज ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही दाब ठरवण्याची रीत दिली. ही सोपी पद्धत जगभर पसरली आणि तिने असंख्य रुग्णांचे भले केले. मात्र दोन आकडे हाती येताच तरंगाचा आकार वैद्यकाच्या नजरेआड झाला. ब्रॅमवेल आणि हिल यांनी 1922 मध्ये नाडीतरंगाचा वेग व धमनीची लवचीकता यांचे गणिती नाते मांडले, तरी दवाखान्यांत दीर्घकाळ खालच्या आकड्यालाच अधिक महत्त्व राहिले आणि म्हातारपणी वरचा आकडा वाढणे स्वाभाविक समजले गेले.

वस्तुतः ती वाढ धमनीकाठिण्याची, म्हणजे धमन्या ताठरण्याची, खूण असते. ताठर महाधमनी पुरेशी फुगत नाही म्हणून वरचा दाब चढतो आणि पुरेशी आक्रसत नाही म्हणून खालचा उतरतो. शिवाय दूरच्या वाहिन्यांवरून परतणारा तरंग वेगाने, निलय अजून रक्त ढकलत असतानाच, येऊन भिडतो. वाढत्या भाराने निलयाची भिंत जाड होते, तो नीट सैलावत नाही आणि त्याच्या स्नायूचे पोषण मात्र घटते. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत, केवळ वरचा दाब चढलेल्या साठीपुढील माणसांना औषध दिल्यावर पक्षाघाताचे प्रमाण 36 टक्क्यांनी घटले आणि हृदय निकामी होण्याचे सुमारे निम्म्यावर आले. आज नाडीतरंगाचा वेग सेकंदाला 10 मीटरपेक्षा अधिक असणे हे महाधमनी ताठरल्याचे लक्षण मानले जाते. काजळीवरच्या रेघेत महोमेद जे वाचू पाहत होता, तेच येथे पुन्हा वाचले जात आहे.