फिल्टर कॉफी आणि आरोग्य : चेन्नईच्या पेल्यातील लाभ आणि जोखीम

चेन्नई : मैलापूर किंवा टी. नगरमधील जुन्या दुकानांत कॉफीच्या बिया आजही ग्राहकासमोर दळून मिळतात आणि त्यात चिकोरी किती घालायची, हा प्रश्न ओघाने येतोच. चव या उत्तरावर ठरते; आरोग्याचा हिशेबही काही अंशी त्यावरच ठरतो. कॉफीच्या गुणदोषांविषयीचे बहुतेक मोठे अभ्यास युरोप, अमेरिका आणि जपानमधील आहेत. तेथील कॉफी बहुधा पातळ, कागदी गाळणीतून उतरवलेली आणि पुष्कळदा बिनसाखरेची असते. तमिळनाडूतील कॉफी म्हणजे घट्ट अर्क, चिकोरी, दूध आणि साखर यांचे मिश्रण. त्यामुळे परदेशी निष्कर्ष या पेल्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

तमिळ समाजात कॉफीची सवय फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ती मध्यमवर्गीय घरांत रुजत गेली आणि रात्रभर भिजवलेल्या भाताचे पाणी, म्हणजे ‘नीरागारम’, सकाळच्या न्याहारीतून मागे पडले. या बदलावर त्या काळी झालेल्या टीकेचा मागोवा इतिहासकार ए. आर. वेंकटाचलपती यांनी घेतला आहे. एकेकाळी तंजावरच्या मराठा राज्यात असलेल्या कुंभकोणमची ‘डिग्री कॉफी’ आज महामार्गावरील फलकांवर झळकते. हे नाव दुधाचा कस मोजण्याच्या अंशांवरून आले, असे काही जण सांगतात. ते ‘चिकोरी’चा अपभ्रंश असल्याचेही सांगितले जाते.

कॉफीचे लाभ आता बऱ्यापैकी प्रस्थापित झाले आहेत. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्यापक आढाव्यात दररोज 3 ते 4 कप कॉफी घेणाऱ्यांमध्ये अकाली मृत्यू, हृदयविकार, टाइप-2 मधुमेह आणि यकृताचे आजार यांचे प्रमाण कमी आढळले. मात्र हे प्रामुख्याने निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. आजारी माणसे स्वतःहून कॉफी सोडतात, हेही या फरकामागचे एक कारण असू शकते. मधुमेहाबाबतचा संबंध कॅफिनविरहित कॉफीतही दिसतो. त्यामुळे त्याचे श्रेय क्लोरोजेनिक आम्लासारख्या अन्य घटकांना दिले जाते.

चेन्नईत खरी अडचण येथेच सुरू होते. मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशन या येथील संस्थेने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) सहकार्याने केलेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे. एका पेल्यात दोन चमचे साखर धरली, तर तीन पेल्यांतून 24 ते 30 ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभरातील अतिरिक्त साखर शक्यतो सुमारे 25 ग्रॅमपेक्षा कमी असावी. म्हणजे जेवण, मिठाई किंवा बिस्किटे हिशेबात धरण्यापूर्वीच ही मर्यादा गाठली जाते. मधुमेह टाळण्यासाठी गोड कॉफी पिण्यात त्यामुळे फारसा अर्थ उरत नाही.

चिकोरी ही भाजलेली मुळी असून तिच्यात कॅफिन नसते. अन्नसुरक्षा नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के असावी लागते आणि दोन्हींचे प्रमाण वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. 80-20 आणि 60-40 मिश्रणांत कॅफिनचे प्रमाण साहजिकच वेगळे असते. बिया रोबस्टाच्या असतील, तर अरेबिकाच्या तुलनेत कॅफिन जवळपास दुप्पट असते. त्यामुळे नुसते पेले मोजून अंदाज चुकू शकतो. आयसीएमआरने 2024 च्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत दिवसाला 300 मिलिग्रॅम कॅफिनची मर्यादा सांगितली आहे. 150 मिलिलीटर फिल्टर कॉफीत 80 ते 120, तर इन्स्टंट कॉफीत 50 ते 65 मिलिग्रॅम कॅफिन असल्याचे त्यात नमूद आहे.

याच मार्गदर्शक तत्त्वांत जेवणापूर्वी आणि जेवणानंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळण्याचा सल्ला आहे. त्यांतील टॅनिनमुळे अन्नातील लोह शरीरात कमी शोषले जाते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तमिळनाडूतील 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक महिलांना रक्तक्षय असल्याचे आढळले होते. इडली-डोशानंतर लगेच कॉफी घेण्याची येथील रीत पाहता हा सल्ला सर्वांत महत्त्वाचा आणि बहुधा सर्वांत कमी पाळला जाणारा ठरावा.

कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल हा कोलेस्टेरॉल वाढवणारा घटक असतो. कागदी गाळणी तो अडवते. पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरची छिद्रे तितकी अडवत नाहीत. ‘एलडीएल’ वाढलेल्यांनी ही बाब ध्यानात ठेवावी.

कर्करोगाच्या भीतीला मात्र आता फारसा आधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1991 मध्ये कॉफीला संभाव्य कर्ककारक ठरवले होते. 2016 मध्ये तिने कॉफीला त्या गटातून वगळले. त्याच वेळी 65 अंश सेल्सिअसहून अधिक गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगास बहुधा कारणीभूत ठरतात, असे तिने म्हटले. पेला आणि दवरा यांमध्ये कॉफी वर-खाली ओतण्याची पद्धत फेसासाठी असली, तरी त्यामुळे ती थोडी निवते, हा अनायासे मिळणारा लाभ.

कॅफिनचा निम्मा अंश शरीराबाहेर जाण्यास सर्वसाधारणपणे पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळची कॉफी झोपेच्या वेळेपर्यंत अंमल गाजवू शकते. गर्भारपणात हा काळ बराच वाढतो. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने गर्भवतींसाठी दिवसाला 200 मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली आहे. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांसाठी सकाळची पहिली कॉफी हीच अडचण ठरते. ही गोळी उपाशीपोटी पाण्यासोबत घ्यावी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास कॉफी टाळावी, अन्यथा औषधाचे शोषण घटते.