नदीची होडी आणि धरणाचं पाणी

आजचा विषय ऐकून एखाद्याला वाटेल, शिरूर-दौंडच्या माणसाला बोटीवरच्या सुरक्षेशी काय देणंघेणं? समुद्र तर घाटाखाली राहिला. पण जरा नकाशा डोळ्यांसमोर आणा. या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. रांजणगाव सांडस आणि वाळकीपाशी मुळा-मुठा तिला मिळते, पुढे घोड मिळते. शिरूर घोड नदीच्या काठी, दौंड भीमेच्या. आणि दौंडवरून खाली राजेगाव, खानोट्याकडे गेलं की उजनीचा फुगवटा लागतो. म्हणजे पाणी आपल्या दाराशीच आहे.

सुरुवात एका शब्दापासून करू. आपण म्हणतो, ‘दोन गोष्टींची सांगड घालणे.’ ही सांगड मुळात पाण्यातली. दोन होड्या एकत्र बांधल्या की ती सांगड, आणि वाळलेले पोकळ भोपळे बांधून त्यांच्या आधाराने नदी पार केली तर तीही सांगडच. गुऱ्हाळातली काहील पुराच्या वेळी नदीत लोटून माणसं पलीकडे नेल्याचंही आपल्याकडच्या जुन्या लोकांना ठाऊक आहे. आणि विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला काय बांधतात? भोपळा, पांगाऱ्याचं लाकूड, नाहीतर तेलाचा रिकामा डबा.

यातलं गणित समजून घ्या. पाण्यात माणसाचं बहुतेक वजन पाणीच पेलतं. तोंड पाण्यावर राहायला वरून चार-पाच किलोंचा आधार पुरतो. पाच लिटरचा पोकळ भोपळा तेवढा देतो. झाकण घट्ट लावलेला तेलाचा मोठा डबा त्याच्या तिपटीने देतो. आजचं लाइफ जॅकेट याहून वेगळं काही करत नाही. फक्त ते डोकं वर आणि छाती वर ठेवतं, म्हणून बेशुद्ध माणसाचंही तोंड पाण्याबाहेर राहण्याची शक्यता वाढते.

युरोपात हे जॅकेट आलं ते बुचाच्या लाकडाचं. इंग्लंडच्या जीवरक्षक नौकांवरच्या लोकांसाठी कॅप्टन वॉर्ड यांनी ते 1854 च्या सुमारास तयार केलं. 9 फेब्रुवारी 1861 रोजी व्हिटबी बंदरात अशीच एक नौका वादळात उलटली. तेरापैकी बारा जण गेले. जो एक वाचला, त्या हेन्री फ्रीमनच्या अंगावर ते नवं जॅकेट होतं. साधन होतं, पण अंगावर एकाच्याच होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा इतिहास त्याभोवतीच फिरतो.

आता आपल्याकडे या. 17 जुलै 1947. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ बोट रेवसकडे निघाली. दिवस अमावास्येचा, गर्दी भरपूर, पाऊस आणि वारा. काश्याच्या खडकाजवळ ती कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्रणा नव्हती. त्यामुळे मुंबईला दुर्घटना कळायलाच कित्येक तास लागले. जे वाचले, त्यांतल्या अनेकांना रेवसच्या बाजूच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत घेतलं. सरकारी मदत नंतरची. आधी धावला तो जवळचा माणूस.

मोठ्या अपघातानंतर मोठ्या बोटींचे नियम कडक होतात. छोट्या होडीचं काय? मुंबई इलाख्यात तरींसाठी 1868 चा कायदा होता. 1917 मध्ये अंतर्देशीय जलवाहतुकीचा कायदा आला, तो यंत्रावर चालणाऱ्या बोटींचा. वल्ह्यांची होडी त्याच्या बाहेरच राहिली. 2021 च्या नव्या केंद्रीय कायद्याने प्रथमच यंत्राविना चालणाऱ्या नौकांनाही आपल्यात घेतलं. म्हणजे कायद्याला आपल्या होडीपर्यंत पोचायला शंभर वर्षं लागली!

आणि या शंभर वर्षांत पाणीच बदललं होतं. हा मला मुख्य मुद्दा वाटतो. 1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झालं. पळसदेवसारखी गावं पाण्याखाली गेली. जिथे नावाडी हाकेच्या अंतरावर पलीकडे जायचा, तिथे कित्येक किलोमीटरचं मोकळं पाणी झालं. नदीत वाऱ्याला लाट उठवायला जागा नसते. जलाशयात ती मिळते. त्यात मे महिन्याची दुपार टळली की वळवाचं वादळ कधी उठेल सांगता येत नाही. होडी नदीची, सवय नदीची, आणि पाणी मात्र समुद्रासारखं.

पुढे भिगवणला रोहित पक्षी बघायला लोक येऊ लागले. मासेमारीची होडी सहलीची झाली. चार पैसे मिळाले, ते चांगलंच झालं. पण जाळं टाकणाऱ्या दोन माणसांची होडी आता उभं राहून फोटो काढणाऱ्या आठ-दहा माणसांची झाली.

30 एप्रिल 2017 ला इंदापूर तालुक्यात अजोतीजवळ सहलीला आलेल्या दहा डॉक्टरांची होडी उलटली. चौघे बुडाले. 21 मे 2024 ला कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सात जण होते, त्यांतला एक पोहून काठाला लागला. सहा गेले, त्यांत लहान मुलंही होती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी मावळात सुदुंबऱ्याला असते. तिथून उजनी शंभर किलोमीटरहून लांब. ते जवान शर्थ करतात, पण बुडणाऱ्याचा हिशोब मिनिटांचा असतो. ती मिनिटं होडीतल्या लोकांच्याच हातात असतात.

म्हणून तयारी म्हणजे काय? जॅकेट होडीत असून भागत नाही, काठावरच अंगात हवं, पट्टे आवळलेले हवेत. पाणी आत आल्यावर फळीखालून ओढून ते घालता येत नाही. पोरांना पोरांच्या मापाचं हवं. होडीत लांब दोर, पाणी उपसायला डबा आणि गळ्यात शिट्टी हवी. माणसं बसलेली हवीत. होडी उलटलीच तर सोडून पोहत सुटू नये, तिलाच धरून राहावं, कारण काठ दिसतो त्याहून लांब असतो. काठावर एकाला तरी ठाऊक हवं की किती जण गेलेत, कधी परतणार. आणि आभाळ भरलं तर ‘आज नको’ म्हणणाऱ्या नावाड्याचं भाडं बुडू नये, याची व्यवस्था गावाने करायला हवी. नाहीतर तो नको कशाला म्हणेल?

आपल्या आज्या-पणज्यांना कायदा ठाऊक नव्हता. तरी पोराला विहिरीत सोडण्याआधी त्या डबा बांधला का ते बघायच्या. तेच पोर मोठं होऊन उजनीच्या पाण्यात जातं, तेव्हा मात्र कुणी विचारत नाही. ते विचारायची रीत परत सुरू करू या.